साठ हजारांत गेमिंग संगणक: आधी ग्राफिक्स कार्ड की आधी एसएमपीएस?

वणीकर (धागाकर्ता):
धाकट्या भावासाठी १०८०पी गेमिंगचा संगणक जुळवायचा आहे. मॉनिटर घरात आहे आणि हाती ६०,००० रुपये आहेत. नागपूरला सीताबर्डीवरून आणलेल्या यादीत रायझन ५ ५६०० प्रोसेसर, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम आणि एनव्हीएमई एसएसडी यांची नावे मॉडेलसकट आहेत. एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकाच्या सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, ओळीत मात्र नुसते '५०० वॅट' एवढेच लिहिले आहे. आमच्याकडे सायंकाळी शेतातील मोटारी सुरू झाल्या की घरातला पंखा रेंगाळतो, आणि गेलेली वीज परत येते ती झटका देऊनच. मागचा संगणक अशाच एका झटक्यात गेला. त्यातील बिननावाच्या एसएमपीएसने जाताना मदरबोर्डही सोबत नेला. म्हणून माझे मत असे की, कार्ड स्वस्तातल्या आरएक्स ६६०० वर उतरवावे आणि वाचलेल्या पैशांत नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॅटचा ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा) एसएमपीएस आणि यूपीएस घ्यावा.

पुसदचा खेळाडू:
भाऊ, आपला मुद्दा समजतो, पण आपण कात्री चुकीच्या जागी लावत आहात. विजेचीच चिंता असेल तर आरटीएक्स ४०६० ची वीज खाण्याची मर्यादा ११५ वॅट आहे आणि आरएक्स ६६०० ची १३२ वॅट, म्हणजे आपल्याच तर्काने महाग कार्ड सोयीचे ठरते. शिवाय बऱ्याच चांगल्या एसएमपीएसवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते. विजेचा दाब १७० व्होल्टपर्यंत उतरला तरी असा एसएमपीएस निभावून नेतो, तेव्हा यूपीएस पुढच्या हंगामात घेता येईल. कार्ड मात्र एकदा घेतले की चार वर्षे बदलले जात नाही.

वणीकर:
वॅटचा हिशेब मान्य आहे. परंतु कमी दाब सोसणे वेगळे आणि वीज परततानाचा झटका सोसणे वेगळे, आणि आमचे भांडण त्या झटक्याशी आहे. वॉरंटीतील कार्ड बदलून आणायचे तरी नागपूरच्या दोन खेपा होतात.

चांदूरवाली ताई:
दोघांच्याही बोलण्यात इन्व्हर्टर राहून गेला. घरचा इन्व्हर्टर जुना स्क्वेअर वेव्हचा असेल, म्हणजे त्यावर पंखा घुंघुं करीत असेल, तर ॲक्टिव्ह पीएफसी (वीज नीट ओढण्यासाठीचे सर्किट) असलेला चांगला एसएमपीएस त्यावर नीट चालेलच याचा भरवसा नसतो. वीज जाताच संगणक बंद पडतो आणि दोष बिचाऱ्या नव्या एसएमपीएसला लागतो. साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखीच वीज देणारा, इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचे बटण 'यूपीएस'वर करून पाहा. तेवढ्याने भागले तर वेगळ्या यूपीएसचे पैसे वाचतात, फक्त त्या स्थितीत दाब थोडा उतरला तरी तो बॅटरीवर जातो.

कॅबिनेटबद्दल कोणीच बोलले नाही, याचे मला आश्चर्य वाटते. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना खोलीतील हवाच तापलेली असते, आणि खोलीचे तापमान जितके वाढते जवळजवळ तितकेच कार्डाचेही वाढते. समोर काच असलेला दिखाऊ डबा घेऊ नका, जाळीचा घ्या. आमच्या घरी कापूस साठवलेल्या खोलीशेजारी संगणक आहे. दिवाळीनंतर पुढच्या जाळीवर तंतूंचा पांढरा थर बसतो, तो मी दर पंधरवड्याला रंगाच्या ब्रशने काढते.

पुसदचा खेळाडू:
जाळीचे पटले, ताई. एक सावधगिरी मात्र सुचवतो: कार्ड नंतर घ्या म्हणून कोणी ५६००जी (आतच ग्राफिक्स असलेला प्रोसेसर) गळ्यात मारू लागले तर घेऊ नका. तो पीसीआयई ३.० वरच, म्हणजे कार्ड जोडण्याच्या जुन्या, कमी वेगाच्या मार्गावरच थांबतो आणि ही दोन्ही कार्डे त्या मार्गाच्या आठच लेन वापरतात, त्यामुळे पुढे घेतलेल्या कार्डाची थोडी ताकद वाया जाईल. बाकी माझे मत कायम आहे: कार्ड ४०६० च घ्यावे, आणि पैसे कमी पडले तर एसएसडी ५०० जीबीवर आणावी.

वणीकर:
एसएसडीची कपात मला मान्य आहे, एसएमपीएसची नाही. आमचा इन्व्हर्टर कोणत्या जातीचा आहे ते आज वीज गेली की पंख्याखाली बसून ऐकतो आणि इथे कळवतो.