मदत हवी आहे : स्वस्त विमानात सीटचे पैसे आधीच भरावेत का?

पुढच्या महिन्यात आई आणि पाच वर्षांच्या लेकीला घेऊन बजेट एअरलाइनने जायचंय. सीट निवडायची तर प्रत्येकीचे वेगळे पैसे, नाहीतर चेक-इनला मिळेल ती.

मागच्या वेळी पैसे वाचवले आणि फसले. आई ६व्या रांगेत, लेक १९व्या, मी २७व्या. तिघीही मधल्या सीटवर! मधल्या सीटच्या बदल्यात कोण उठणार? शेवटी एक काका लेकीसाठी उठले. आईचा चष्मा माझ्या पर्समध्येच राहिला होता, तो हातोहात पुढे पाठवला.

यापेक्षा ‘आधी येईल तो बसेल’ हीच पद्धत बरी होती, असं माझं मत. धावपळ व्हायची, पण निदान एकत्र बसता यायचं. आता तीही संपत आली. युरोपातल्या बजेट एअरलाइन्सपैकी ईझीजेटने २०१२ मध्ये सोडली, रायनएअरने २०१४ मध्ये. अमेरिकेतली साउथवेस्ट पन्नासहून जास्त वर्षं त्या पद्धतीवर टिकून होती, तिनेही जानेवारी २०२६ पासून ठरलेल्या सीट सुरू केल्या.

तर अनुभवी मंडळींनो, तिघींचं बुकिंग एकाच पीएनआरवर असेल आणि वेब चेक-इन सुरू होताच केलं, तर फुकटात शेजारी सीट मिळतात का? की फक्त माझ्या आणि लेकीच्या सीटचे पैसे भरून आईची नशिबावर सोडू? आईला गुडघ्यामुळे कडेचीच सीट लागते. गेटवर विनंती करून कुणाचं काम झालंय का, तेही सांगा.