कागदाची वखार कोणाच्या हातात होती?

एकांनी लिहिलंय की मेक्सिकोची वर्तमानपत्रं अमली पदार्थांच्या टोळ्यांच्या दहशतीमुळे गप्प झाली, पूर्वी ती मोकळी होती. दुसऱ्या भागाशी मी सहमत नाही.

1935 साली सरकारने 'पिप्सा' ही कंपनी काढली. वर्तमानपत्राचा कागद आयात करणं आणि पुरवणं तिच्या हातात. कागद स्वस्त मिळायचा, म्हणून मालकही खूश. पण सरकारला टोचेल असं छापलं तर कागद अडेल, ही धास्ती कायम. सेन्सॉरची गरजच काय? त्यात सरकारी जाहिराती म्हणजे उत्पन्नाचा मोठा आधार.

तरी 'एक्सेलसिऑर' या दैनिकात संपादक हुलिओ शेरेर गार्सिया टीका छापत राहिले. हे पत्र कामगारांच्या सहकारी संस्थेचं होतं, आणि नेमकी त्या संस्थेतच फूट पाडून 8 जुलै 1976 रोजी त्यांना बाहेर काढलं गेलं. तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते एचेवेर्रिया, आणि यामागे त्यांच्या सरकारचाच हात मानला जातो. मला यात सर्वांत विलक्षण वाटतं ते पुढचं: शेरेर यांच्याबरोबर कित्येक सहकारी नोकरी सोडून बाहेर पडले, आणि त्याच नोव्हेंबरात 'प्रोसेसो' साप्ताहिक निघालं! 1977 मध्ये 'उनोमासउनो' हे दैनिक निघालं, त्यातून फुटून 1984 मध्ये 'ला होर्नादा' हे दुसरं दैनिक.

टोळ्यांची दहशत खरीच आहे. 'ला होर्नादा'च्या बातमीदार मिरोस्लावा ब्रीच यांची मार्च 2017 मध्ये उत्तर मेक्सिकोतल्या चिवावा शहरात हत्या झाली. त्या 'नोर्ते दे स्युदाद ह्वारेस'मध्येही लिहायच्या. त्या दैनिकाने एप्रिलमध्ये पहिल्या पानावर 'आदिओस!' छापून छापील अंक बंद केला.