दिवा लागल्यावरही नावेवर ऊन कसे? गोव्याची निसर्गछायाचित्रे आणि एचडीआर

मानशीवरून (टोपणनावाने मांडलेला चर्चेचा प्रस्ताव)

गेल्या महिन्यात पणजीतील एका छोट्या प्रदर्शनात दिवाडीच्या फेरीबोटीचे एक छायाचित्र पाहिले. ते जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून, सूर्य मांडवीच्या मुखाकडे कलला असताना घेतलेले होते. आकाशातील एकाही ढगाचा तपशील उडालेला नव्हता, बोटीवरचा दिवा लागलेला होता, आणि तरीही सूर्याकडे पाठ असलेल्या बाजूला, म्हणजे आपल्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसांच्या सदऱ्यांच्या चुण्या मोजता येत होत्या. दिवा संध्याकाळ झाल्याचे सांगत होता आणि सदरे दुपारचे वाटत होते.

छायाचित्रकाराने आपली पद्धत मोकळेपणाने सांगितली. दोन-दोन स्टॉपच्या अंतराने (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट) तीन एक्स्पोजर, म्हणजे कमी-अधिक प्रकाशाच्या तीन फ्रेम, घेतले, संगणकावर ते एकत्र केले, मग हायलाइटचा (उजळ भागांचा) स्लायडर पूर्ण खाली आणि शॅडोचा (गडद भागांचा) पूर्ण वर. या जुळवणीला एचडीआर (हाय डायनॅमिक रेंज, म्हणजे उजेड-अंधाराचा मोठा पल्ला) म्हणतात. हल्ली आपल्याकडच्या निम्म्या निसर्गचित्रांची कृती हीच असते, म्हणून हा विषय मांडतो आहे.

माझे मत असे की गोव्याच्या किनाऱ्यावरील संध्याकाळसाठी एचडीआर हे साधन बहुतेक वेळा चुकीचे आहे. आपला सारा किनारा पश्चिमाभिमुख आहे. काब द रामच्या कड्यावर किंवा हणजुण्याच्या खडकांवर उभे राहिले की प्रकाश समोरून येतो आणि जांभ्याचा दगड आपल्या बाजूने काळा पडत जातो. तो काळोख हाच त्या दृश्याचा विषय असतो. सावलीतला प्रत्येक दगड उघडून दाखवला की दृश्याला वेळ उरत नाही, आणि वेळ नसलेली संध्याकाळ मला तरी पाहवत नाही.

चिरेबंदी

आपले निरीक्षण बारीक आहे, परंतु निष्कर्ष मला उलटा वाटतो. त्या धक्क्यावर मी अनेकदा उभा राहिलो आहे, आणि बोटीवरच्या माणसांचे सदरे मला स्पष्ट दिसतात. डोळा दृश्यावरून फिरत असतो. आकाशाकडे वळला की बाहुली आक्रसते, बोटीकडे वळला की मोठी होते, आणि या सगळ्या तुकड्यांतून मेंदू एक दृश्य जुळवतो. कॅमेऱ्याला मात्र एका क्षणी एकच एक्स्पोजर मिळते. तेव्हा जो काळोख आपण दृश्याचा विषय म्हणता, ती काळी छायाकृती खरे तर सेन्सरची किंवा फिल्मची मर्यादा आहे. दीडशे वर्षे तेच पाहून ती आपल्याला सत्य वाटू लागली आहे.

शिवाय गोवा म्हणजे केवळ किनारा नव्हे. तांबडी सुर्ला येथील महादेवाचे कदंबकालीन देऊळ घ्या. चहूबाजूंनी दाट रान, वर कडक ऊन, आणि काळ्या बेसॉल्टचा तो आटोपशीर मंडप आतून अंधारलेला. मंडपाच्या खांबांवरचे कोरीवकाम दिसेल असे एक्स्पोजर ठेवले की मागची झाडी पांढरीफटक होते, आणि झाडी सांभाळली की देवळाच्या जागी काळा ठोकळा उरतो. दुपारी बाराला तिथे पोहोचलेल्या माणसाने काय करावे? संरक्षित स्मारकात ट्रायपॉडसाठी परवानगी लागते, म्हणून मी कठड्याला टेकून, श्वास रोखून, हातातच पाच फ्रेम घेतल्या आणि घरी येऊन जुळवल्या. त्या चित्रात मला खोटे काही दिसत नाही.

ग्रॅज्युएटेड एनडी फिल्टर (वरची बाजू गडद, खालची स्वच्छ असलेली काच) लावा असे कोणी सुचवण्यापूर्वीच सांगतो, की तो फिल्टर सरळ क्षितिजासाठी असतो. क्षितिजावर माड उभे असतील किंवा शापोऱ्याच्या किल्ल्याचा तट चढत गेला असेल, तर आकाशाबरोबर माडांचे शेंडे आणि तटाची भिंतही तो तितकीच काळी करतो. कोणत्या बाजूने खोटे बोलायचे एवढीच निवड मग उरते.

एकच फ्रेम

आपण दोघेही पंधरा वर्षांपूर्वीचा वाद लढत आहात, असे नम्रपणे नमूद करतो.

आजचा चांगला फुल-फ्रेम सेन्सर आयएसओ १०० वर सुमारे १४ स्टॉप टिपतो, म्हणजे सर्वांत गडद आणि सर्वांत उजळ भागांत साधारण सोळा हजार पटींचा फरक असला तरी दोन्हींतला तपशील एकाच रॉ फाइलमध्ये (सेन्सरने टिपलेल्या, प्रक्रिया न केलेल्या माहितीत) मावतो. उलट जेपेगमध्ये (कॅमेऱ्याने तयार करून दिलेल्या चित्रात) प्रत्येक रंगाच्या केवळ २५६ पायऱ्या असतात. जेपेग घेऊन सावल्या उचलणाऱ्याला तीन फ्रेमशिवाय गत्यंतर नसते. रॉ घेणाऱ्याला ती गरज क्वचितच पडते. हिस्टोग्रामची (उजेडाच्या आलेखाची) उजवी कड सांभाळून, म्हणजे ढग पांढरेफटक होणार नाहीत इतके कमी एक्स्पोजर ठेवून, एकच फ्रेम घ्यावी आणि सावल्या नंतर हव्या तेवढ्याच उचलाव्यात. पांढराफटक होऊन उडालेला हायलाइट कोणत्याही उपायाने परत येत नाही. सावली परत येते, फार तर थोडा नॉइज (दाणेदारपणा) घेऊन येते.

फेरीबोटीसाठी तर तीन फ्रेम हा मला धोकाच वाटतो. समजा मधली फ्रेम १/६० सेकंदाची आहे. मग दोन स्टॉपच्या अंतराने उरलेल्या दोन १/२५० आणि १/१५ च्या होतील. १/१५ मध्ये लाट पुसट होते, माडाची झावळी दुहेरी होते आणि बोट तर पुढेच सरकलेली असते. मग सॉफ्टवेअर हलणाऱ्या भागासाठी कोणती तरी एकच फ्रेम निवडते. म्हणजे त्या चित्रातील बोट एका क्षणाची आणि आकाश दुसऱ्या क्षणाचे. मानशीवरून यांना जे खटकले, त्याचा काही भाग उजेडाचा नसून असा वेळेचा असू शकतो.

तीन फ्रेम लागतात त्या सूर्य प्रत्यक्ष चौकटीत असताना, किंवा तांबडी सुर्ल्यासारख्या ठिकाणी. तिथे मी चिरेबंदी यांच्या बाजूने आहे.

फिल्मचा डबा

या वादाला पंधरा नव्हे, दीडशेहून अधिक वर्षे झाली आहेत. १८५० च्या दशकात गुस्ताव्ह ल ग्रे हे फ्रेंच छायाचित्रकार समुद्राची चित्रे काढत होते. त्या काळच्या कलोडियनचा लेप दिलेल्या काचा निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील असत, त्यामुळे पाणी नीट उतरले की आकाश कोरे पांढरे यायचे. त्यांनी आकाशाची एक काच आणि समुद्राची दुसरी काच अशा दोन निगेटिव्ह वापरून, क्षितिजावर सांधा ठेवून एकच प्रिंट काढायला सुरुवात केली. दोन्ही काचा एकाच दिवसाच्या असायलाच हव्यात, असा त्यांचा आग्रहही नव्हता.

पुढे ॲन्सल ॲडम्स यांनी फ्रेड आर्चर यांच्यासह १९४० च्या सुमारास झोन सिस्टिम मांडली. दृश्यातील कोणता भाग कागदावर किती गडद उतरावा हे शटर दाबण्यापूर्वीच ठरवायचे, त्यानुसार एक्स्पोजर आणि डेव्हलपिंग करायचे, आणि उरलेले काम अंधाऱ्या खोलीत, कागदावरचा उजेड हाताच्या सावलीने अडवून तो भाग कमी काळा होऊ देत, भागवायचे, अशी ती शिस्त. मी स्वतः म्हापशाला एका बंद न्हाणीघरात, लाल दिव्याखाली, पुठ्ठ्याचा तुकडा तारेवर चिकटवून हे केले आहे. तुमच्या शॅडो स्लायडरचे काम तेव्हा तो पुठ्ठा करीत असे.

चिरेबंदी

म्हणजे ल ग्रे माझ्याच पक्षाचे निघाले. आभारी आहे.

फिल्मचा डबा

ल ग्रे आपले असतील, ॲडम्स यांच्याविषयी मात्र थांबा. न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचे त्यांचे १९४१ मधील छायाचित्र सर्वांना ठाऊक आहे. त्याच निगेटिव्हचे प्रिंट ते पुढे अनेक वर्षे काढत राहिले, आणि काळ लोटला तसे त्यांनी आकाश अधिकाधिक काळे केले. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये ढगांच्या मंद रेघा आहेत, नंतरच्यांमध्ये वरचे आकाश जवळपास पूर्ण काळे आहे. निगेटिव्हमध्ये असलेला तपशील त्यांनी जाणूनबुजून झाकला. आज आपण ‘ॲडम्ससुद्धा एडिटिंग करायचे’ असे म्हणत प्रत्येक सावली उघडतो, तेव्हा हा भाग सोयीस्करपणे विसरतो.

काणकोणची वाट

माझा प्रश्न व्यवहाराचा आहे. आम्ही पाहुण्यांसाठी तीन खोल्या भाड्याने देतो. एका व्यावसायिक छायाचित्रकाराकडून समुद्राची आणि मागच्या कुळागराची (पोफळीच्या बागेची) चित्रे काढून घेतली. समुद्र पाचूसारखा हिरवा, पोफळींच्या बुंध्यावरचे शेवाळ विजेच्या दिव्यासारखे, आणि अंगणातील जांभ्याची पायरी नारिंगी. जुलैत आलेल्या एका कुटुंबाने गढूळ दर्या पाहून मला विचारले, की चित्रातला समुद्र कोणत्या बाजूला आहे? पावसाळ्यात आमच्या नद्या तांबडी माती वाहून आणतात आणि किनाऱ्याजवळचे पाणी मातकट होते, हे त्यांना समजावताना मला ओशाळल्यासारखे झाले. हे काम एचडीआरचेच आहे ना? मग मी मानशीवरून यांच्याशी सहमत आहे.

एकच फ्रेम

ताई, की दादा, ठाऊक नाही, पण अर्धाच दोष एचडीआरचा आहे. अनेक एक्स्पोजर एकत्र करणे ही मुळात प्रकाश मोजण्याची रीत आहे. पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक यांनी १९९७ मध्ये वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या छायाचित्रांतून दृश्यातील प्रकाशाचा खरा नकाशा काढण्याची पद्धत मांडली, तेव्हा हेतू रंग खुलवण्याचा नव्हताच. असा नकाशा संगणकावरील वस्तूंना खऱ्या जागेचा उजेड देण्यासाठी उपयोगी पडतो. प्रश्न नंतर येतो. मोजलेला तो प्रचंड पल्ला चकचकीत कागदाच्या सातेक स्टॉपमध्ये, किंवा साध्या पडद्याच्या थोड्या अधिक पल्ल्यात, बसवावा लागतो. यालाच टोन मॅपिंग म्हणतात आणि बिघाड इथेच होतो. उजेडातील फरक दाबला आणि रंगांतील फरक तसाच ठेवला, तर रंग आपोआप भडक दिसतात. म्हणून पल्ला दाबल्यावर सॅच्युरेशन थोडे उतरवावे लागते. आपल्या छायाचित्रकाराने ते उतरवण्याऐवजी चढवले असणार. माडांच्या कडेने पांढुरकी प्रभा दिसते का, तेही पाहा. दिसत असेल, तर आजूबाजूच्या उजेडानुसार प्रत्येक भाग वेगळा दाबणारे टोन मॅपिंग अति झाले आहे.

आणि पावसाळ्यात तर एचडीआर लावण्याचे कारणच नसते. खाजनावर (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीवर) ढगांचे छत पसरले की सगळे दृश्य सहा-सात स्टॉपमध्ये येते. अशा दिवशी तीन फ्रेम जुळवून ढगांना ओढूनताणून ‘नाट्य’ देणाऱ्यांनी चतुर्थीपूर्वीच्या त्या मऊ, राखाडी उजेडाचे जे केले आहे, त्याबद्दल माझा मानशीवरून यांच्यापेक्षाही अधिक राग आहे.

काणकोणची वाट

दादाच. माडांच्या कडेने प्रभा आहे; आता ती पाहिल्यावर दुसरे काही दिसेनासे झाले आहे.

चिरेबंदी

भडक रंगांचे समर्थन मी करीत नाही. पण एक गोष्ट कोणीच बोलत नाही. २०१० पासून आयफोनमध्ये एचडीआर आले, आणि आज बहुतेक फोन न विचारता अनेक फ्रेम जुळवतात, हलणाऱ्या वस्तू सांभाळतात आणि सावल्याही उचलतात. धक्क्यावर उभा असलेला प्रत्येक पर्यटक एचडीआरच घेत आहे. मग ट्रायपॉड खांद्यावर टाकून येणाऱ्या एकट्यालाच खोटेपणाचा ठपका का? तो निदान सावली किती उचलायची हे स्वतः ठरवतो.

मानशीवरून

फोनचा मुद्दा मला मान्य आहे, आणि त्यातच माझी भीतीही आहे. संध्याकाळ म्हणजे सर्व काही सारखेच दिसणारी वेळ, अशी सवय नव्या डोळ्यांना लागते आहे.

तांबडी सुर्ल्याबाबत मी माघार घेतो. तेथे विषय देऊळ आहे, उजेड नव्हे. खांब दिसलेच पाहिजेत. माझे ‘बहुतेक वेळा’ हे शब्द किनाऱ्यापुरतेच होते, तरी प्रस्तावाचा सूर त्याहून मोठा लागला, हे कबूल.

एकच फ्रेम यांचे वाचून मी काल रात्री काब द रामच्या माझ्याच जुन्या तीन फ्रेम काढल्या. आधी सवयीप्रमाणे सर्व सावल्या उघडल्या. कड्यातील प्रत्येक भोक, खालचे ओले खडक, झुडपांची पाने, सारे हजर झाले, आणि नजर कुठे ठेवावी हे कळेना. मग केवळ आकाश गडद फ्रेममधून घेतले, कड्याचा भाग वेगळा करणारा मास्क हाताने काढला, आणि जमीन आकाशापेक्षा तीन स्टॉप खाली ठेवली. दगड आहे एवढे कळते, त्याचा पोत कळत नाही. चित्र जुळवलेलेच आहे, त्यामुळे चिरेबंदी म्हणतील की मी त्यांच्या पंगतीला बसलो. बसलो असेन. मात्र आता त्यात सव्वासहा वाजलेले दिसतात.

फेरीबोटीच्या चित्रावरील आक्षेप मी मागे घेत नाही. सावल्या उघडल्या याला माझी हरकत कमी, दिवा आणि सदरा सारख्याच उजेडात ठेवले याला जास्त. लावलेला दिवा भोवतालच्या माणसांपेक्षा उजळ दिसायला हवा. तो तसा दिसत नसेल तर लावला कशाला?

चिरेबंदी

दिव्याचे म्हणणे पटले. सदऱ्याचे पटलेले नाही. येत्या रविवारी सूर्यास्ताच्या फेरीला धक्क्यावर या, कॅमेरा न घेता. दिवा लागल्यावर चुण्या दिसतात की नाही ते दोघे मिळून पाहू, आणि जे दिसेल ते इथे लिहू.

मानशीवरून

येतो. फोनही खिशातच ठेवायचा.