सुरक्षेचे हेडर अ‍ॅपमध्ये लावायचे की प्रॉक्सीवर? माझं मत: अ‍ॅपमध्येच

कोडकरी (धागाकर्ता)

या प्रश्नावरून आमच्या टीममध्ये दोन आठवडे जुंपली आहे. (हेडर म्हणजे सर्व्हरच्या उत्तरासोबत ब्राउझरला जाणाऱ्या सूचनांच्या ओळी; प्रॉक्सी म्हणजे अ‍ॅपच्या पुढे उभा राहून रिक्वेस्ट आत पाठवणारा सर्व्हर.) माझं म्हणणं असं की जो कोड उत्तर तयार करतो, त्यानेच त्या उत्तराचे हेडर लावावेत.

आमचे सगळे हेडर आमच्या प्रॉक्सीच्या, म्हणजे एन्जिनएक्सच्या कॉन्फिगमधल्या सर्व्हर ब्लॉकमध्ये (सगळ्या साइटला लागू असणाऱ्या भागात) होते. कुणीतरी खात्याच्या पानांसाठी वेगळा लोकेशन ब्लॉक (ठरावीक पत्त्यांपुरता आतला भाग) लिहिला आणि त्यात कॅशे-कंट्रोलची एक अ‍ॅड-हेडर ओळ टाकली. हेतू चांगलाच होता, ती पानं कॅशेत राहू नयेत. पण एन्जिनएक्सचा मूळ नियम असा, की आतल्या ब्लॉकमध्ये एक जरी अ‍ॅड-हेडर आला, तर बाहेरच्या ब्लॉकमधले सगळे अ‍ॅड-हेडर तिथे गळतात. एक्स-फ्रेम-ऑप्शन्स (पान दुसऱ्या साइटच्या चौकटीत उघडू न देणारा), कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी (पानावर कुठल्या स्क्रिप्ट चालाव्यात ते ठरवणारी), एचएसटीएस (ब्राउझरला एचटीटीपीएसच वापरायला लावणारा), सगळे गेले, आणि तेही नेमके पासवर्ड बदलायच्या पानावरून. मुखपृष्ठावर सगळं जागच्या जागी होतं, त्यामुळे स्कॅनरने काहीच कुरकुर केली नाही. तीन महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी मी ते पान कर्लने (कमांड लाइनवरून पान मागवणाऱ्या साधनाने) मागवलं, तेव्हा उत्तरात हेडरच्या जेमतेम पाच ओळी दिसल्या.

हे कोडमध्ये असतं तर एका टेस्टने पकडलं असतं. कॉन्फिगला टेस्ट कोण लिहितं?

रात्रपाळी

असहमत. आम्ही लिहितो. डिप्लॉय झाल्या झाल्या ठरलेल्या यूआरएल मागवायच्या आणि प्रत्येकीचे हेडर तपासायचे. तुमच्याकडे तपासणी नव्हती, त्याचं खापर प्रॉक्सीवर का फोडता?

अ‍ॅप पडलं की ५०२ चं पान कोण देतं? प्रॉक्सी. स्टॅटिक फाइली बहुतेक ठिकाणी कोण देतं? प्रॉक्सी. ही उत्तरं तुमच्या मिडलवेअरला (अ‍ॅपमध्ये प्रत्येक उत्तरावरून हात फिरवणाऱ्या कोडला) दिसतसुद्धा नाहीत. (अ‍ॅड-हेडरच्या शेवटी ‘ऑलवेज’ लिहायला मात्र विसरू नका. तो शब्द नसेल तर ४०४ आणि ५०० च्या उत्तरांवर हेडर लागतच नाही.)

एचएसटीएसचं तर बघाच. जँगो या पायथॉनच्या वेब फ्रेमवर्कचं सिक्युरिटी मिडलवेअर तो हेडर रिक्वेस्ट एचटीटीपीएसवरून आली असं वाटलं तरच लावतं. टीएलएस (एचटीटीपीएसमागचं एन्क्रिप्शन) प्रॉक्सीवर संपत असेल तर आत साधं एचटीटीपी पोचतं. मग मूळ रिक्वेस्ट सुरक्षित होती हे कोणत्या हेडरवरून ओळखायचं, ते सेटिंगमध्ये सांगावं लागतं. ते राहिलं तर एचएसटीएसच्या मुदतीच्या सेकंदांचा आकडा कितीही मोठा लिहा, हेडर जात नाही आणि एररही येत नाही. तुमच्या लोकेशन ब्लॉकसारखीच ही चूकही गुपचूप होते.

कोडकरी

एचएसटीएसचा मुद्दा मान्य. तो सगळ्या डोमेनचा नियम आहे, टीएलएसशेजारीच शोभतो.

पण कंटेंट सिक्युरिटी पॉलिसीचं काय? त्यातला नॉन्स (एकदाच वापरायचा खुणेचा शब्द) दर उत्तराला नवा हवा, आणि तोच टेम्प्लेटमधल्या स्क्रिप्ट टॅगवरही हवा. टेम्प्लेट कोण रेंडर करतं? अ‍ॅप. जँगो ६.० पासून ही सोय नॉन्ससकट फ्रेमवर्कमध्येच आली आहे. प्रॉक्सीवर ही पॉलिसी लिहिणारे बहुतेक जण शेवटी कंटाळून ‘अनसेफ-इनलाइन’ (पानातच लिहिलेली कुठलीही स्क्रिप्ट चालू देणारी सूट) टाकून मोकळे होतात, आणि मग त्या पॉलिसीचा अर्धा जीव गेलेला असतो.

मधलीवाट

दोन्हीकडे लावा, म्हणजे एक चुकलं तर दुसरं आहे. एवढी डोकेफोड कशाला?

रात्रपाळी

हे कृपया करू नका. अ‍ॅक्सेस-कंट्रोल-अलाऊ-ओरिजिन (दुसऱ्या कुठल्या साइटला उत्तर वाचता येईल ते सांगणारा हेडर) अ‍ॅपनेही लावला आणि प्रॉक्सीनेही, तर ब्राउझर दोन किमती बघून उत्तरच नाकारतो, दोन्हीकडे तोच तारा (*, म्हणजे कुठलीही साइट) असला तरी. कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी दोन गेल्या तर दोन्ही एकदम लागू होतात. म्हणजे अ‍ॅपमध्ये एखादं डोमेन मोकळं करून काही उपयोग नाही, प्रॉक्सीची जुनी पॉलिसी ते अडवणारच. एचएसटीएस दोनदा आला तर फक्त पहिला धरला जातो. प्रत्येक हेडरचा नियम वेगळा. एका हेडरला एकच मालक हवा, यावर माझं आणि धागाकर्त्यांचं एकमत असेल असं धरतो.

कोडकरी

शंभर टक्के.

नवशिका

थोडं विषयांतर. येणाऱ्या हेडरचं काय? लॉगिनचे प्रयत्न मोजण्यासाठी मी एक्स-फॉरवर्डेड-फॉरमधला (रिक्वेस्ट कुठून कुठून आली त्या पत्त्यांच्या यादीतला) पहिला आयपी घेतो. बरोबर आहे ना?

रात्रपाळी

नाही, आणि हे आजच बदला. तो पहिला आयपी क्लायंटने स्वतः लिहून पाठवलेला असू शकतो. नेहमीच्या मांडणीत प्रॉक्सी आपल्याला दिसलेला पत्ता यादीच्या शेवटी, उजवीकडे जोडतो. डावीकडचं सगळं ऐकीव. हल्लेखोराने दर प्रयत्नाला नवा आकडा पाठवला की तुमची मोजणी कायम एकवरच.

एक्स्प्रेसमध्ये (नोडच्या वेब फ्रेमवर्कमध्ये) ‘ट्रस्ट प्रॉक्सी’, म्हणजे या यादीवर विश्वास ठेवायचा पर्याय, मुळात बंद असतो. तो नुसता ‘ट्रू’ केला की सगळ्यात डावीकडचा पत्ता घेतला जातो, तुम्ही करताय तेच. तुमच्या पुढे एकच प्रॉक्सी असेल तर तिथे १ लिहा. जँगोत तर हा हेडर आपोआप वाचणारं मिडलवेअर होतं. ते २००९ साली १.१ आवृत्तीत काढून टाकलं, कारण सगळ्यांच्या मांडणीत विश्वासाने चालेल असं ते करताच येत नव्हतं.

अजून एक. डब्ल्यूएसजीआयमध्ये (पायथॉनचं अ‍ॅप आणि सर्व्हर यांच्यातल्या ठरलेल्या दुव्यात) हेडरच्या नावातल्या आडव्या रेघेची अंडरस्कोर होते. म्हणजे ‘एक्स-यूजर’ आणि ‘एक्स_यूजर’ अ‍ॅपला एकाच नावाने दिसू शकतात. प्रॉक्सी पहिला पुसून स्वतःचा लिहितो आणि दुसरा बाहेरून तसाच आत सरकतो. एन्जिनएक्स अंडरस्कोरवाले हेडर मुळात टाकून देतो. ते आत घेणारी सेटिंग कुणी चालू केली असेल तर बंद करा. ही राखण अ‍ॅपला जमणारी नाही.

कोडकरी

येणाऱ्या हेडरबाबत मी हरलो. दारावरची तपासणी दारावरच व्हायला हवी.

एक्स-फ्रेम-ऑप्शन्स मात्र सोडणार नाही. जँगो ३.० पासून तो न सांगताच ‘डिनाय’ (कुणालाच परवानगी नाही) असतो. आमचं एकच विजेट दुसऱ्या साइटच्या आयफ्रेममध्ये चालतं. तो अपवाद त्या व्ह्यूच्या (ते पान तयार करणाऱ्या फंक्शनच्या) डोक्यावर डेकोरेटरने, म्हणजे वर लावलेल्या एका ओळीने, लिहिलेला आहे, कोड वाचणाऱ्याला तिथल्या तिथे दिसतो. प्रॉक्सीवर त्यासाठी पुन्हा लोकेशन ब्लॉक, पुन्हा तोच खड्डा.

रात्रपाळी

आणि तो डेकोरेटर उद्या कुणी कॉपी-पेस्ट करताना लॉगिनच्या व्ह्यूवर चिकटवला तर?

कोडकरी

तर आज कळणार नाही, कारण आमची टेस्ट फक्त मुखपृष्ठ तपासते. सगळ्या यूआरएलच्या यादीवरून फिरणारी आणि विजेट सोडून बाकी प्रत्येक ठिकाणी ‘डिनाय’ शोधणारी टेस्ट उद्या लिहायला घेतो. तुमची डिप्लॉयनंतरची यूआरएलची यादी कशी ठरवता, ते इथे लिहाल का?