विमानात रहस्यकथाच बरी

गोव्यातल्या मोपा विमानतळावरून दिल्ली, पुढे लंडन अशा प्रवासात वाचायला कोणतं पुस्तक न्यावं, या प्रश्नावर कुणी जाडजूड, गंभीर कादंबरी सुचवली आहे. नका हो नेऊ! मी एकदा नेली होती. सीटबेल्टचा दिवा विझायच्या आत डोळा लागला आणि पुस्तक थेट शेजारच्या काकांच्या चहात.

अगाथा ख्रिस्तीची १९३५ची 'डेथ इन द क्लाउड्स' बघा. पॅरिसहून लंडनजवळच्या क्रॉयडनला निघालेल्या विमानात खून होतो आणि आपले गुप्तहेर पॉयरो महाशय त्याच विमानात, पोट बिघडल्यामुळे डोळे मिटून पडलेले!

मी तर आधी पणजीत पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत पुस्तकं चाळते. दहा पानं उभ्याउभ्या वाचून झाली की ते पुस्तक ठरलं. जेवणाची ट्रॉली आली तरी ज्याचा धागा सुटत नाही, तेच घ्या.