एसक्यूएलअल्केमी: उत्पादक डिलीट केला, दुधाच्या नोंदी मात्र मागे राहतात

भोगावतीकाठ
गावच्या डेअरीसाठी दूध संकलनाचं छोटं सॉफ्टवेअर लिहितोय. पायथन, एसक्यूएलअल्केमी 2.0 (पायथनचे क्लास आणि डेटाबेसची टेबलं जोडणारं ओआरएम), डेटाबेस सध्या एसक्यूलाइट, पुढे पोस्टग्रेसवर न्यायचंय. मुख्य टेबलं दोन: उत्पादक आणि संकलन. संकलनात सकाळ-संध्याकाळची एकेक ओळ, त्यात लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला घन भाग), दर. दर दहा दिवसांनी बिल.

चाचणीसाठी घातलेले खोटे उत्पादक काढायला सेशनवर (डेटाबेसमधले बदल सांभाळणारा एसक्यूएलअल्केमीचा ऑब्जेक्ट) डिलीट मारलं आणि कमिट केलं. उत्पादक गेले, पण त्यांचं दूध जागेवरच! उत्पादक-आयडीच्या रकान्यात नल, म्हणजे रिकामं. आता डेअरीचं एकूण दूध आणि बिलांची बेरीज काही केल्या जुळत नाही. मग तो रकाना नॉट नल केला, तर इंटिग्रिटी एरर. त्यानंतर त्याच सेशनमध्ये साधी यादी मागितली तरी पेंडिंग रोलबॅक एरर. फॉरेन कीवर (संकलनाची ओळ उत्पादकाला जोडणारा रकाना) ऑन डिलीट कॅस्केड, म्हणजे उत्पादक गेला की त्याच्या ओळीही जाव्यात, असं लिहिलेलं आहे हो. मग डेटाबेस गप्प का?

सेमीकोलन
डेटाबेसला बोलायची संधीच मिळत नाहीये. इंजिनला एको ट्रू करा आणि लॉग बघा. आधी त्या उत्पादकाच्या संकलनाच्या ओळींचा सिलेक्ट, मग त्यांचा उत्पादक-आयडी नल करणारा अपडेट, आणि सगळ्यात शेवटी उत्पादकाचा डिलीट. डिलीट पोचेपर्यंत त्या उत्पादकाची एकही ओळ उरलेली नसते, कॅस्केड कशावर होणार?

रिलेशनशिपला (मॉडेलमधला दोन टेबलांचा दुवा) काही सांगितलं नाही तर कॅस्केड फक्त सेव्ह-अपडेट आणि मर्ज एवढंच असतं. डिलीट त्यात नाही. तेव्हा उत्पादकाच्या मॉडेलमधल्या रिलेशनशिपवर कॅस्केडमध्ये 'ऑल, डिलीट-ऑर्फन' लिहा, म्हणजे उत्पादक गेला किंवा नोंद त्याच्या यादीतून काढली की नोंदही जाईल. उत्पादकाच्याच बाजूला. संकलनाच्या बाजूला 'ऑल' लिहिलंत तर एका सकाळची चुकीची नोंद काढायला जाल आणि अख्खा उत्पादक उडेल. गंमत नाही, ही चूक कोड रिव्ह्यूमध्ये अजूनही दिसते.

पेंडिंग रोलबॅकचं म्हणाल तर फ्लश (सेशनमधले बदल डेटाबेसला पाठवणं) मध्येच फसला की सेशन अडून बसतो. रोलबॅक म्हटल्याशिवाय पुढचं काही ऐकत नाही, आणि ते योग्यच आहे. एक्सेप्टमध्ये रोलबॅक घाला किंवा विथ-ब्लॉकमध्ये सेशन-बिगिन वापरा.

जुना_डीबीए
वरचं बरोबर, पण अर्धंच. एसक्यूलाइटमध्ये फॉरेन की मुळात बंद असतात. फॉरेन-कीज प्राग्मा (एसक्यूलाइटची सेटिंग) ऑन करावा लागतो, तोही प्रत्येक कनेक्शनला. एसक्यूएलअल्केमीच्या कनेक्ट इव्हेंटवर ती एक ओळ टाका. नाहीतर ऑन डिलीट कॅस्केड ही नुसती शोभा.

दुसरं, दिवसाला दोन म्हणजे एका उत्पादकाच्या वर्षाला 730 ओळी. ओआरएमचं कॅस्केड त्या सगळ्या आधी मेमरीत ओढतं आणि मग काढतं. रिलेशनशिपवर पॅसिव्ह डिलीट्स ट्रू करा, म्हणजे लोड न झालेल्या ओळी डेटाबेसवर सोडल्या जातील. पोस्टग्रेसवर गेलात की उत्पादक-आयडीवर इंडेक्स आठवणीने घाला. मायएसक्यूएलचं इनोडीबी तो आपोआप बनवतं, पोस्टग्रेस बनवत नाही. मग एक उत्पादक काढायला अख्खं संकलन टेबल चाळलं जातं आणि शिव्या ओआरएमला बसतात.

भोगावतीकाठ
दोन्ही केलं, चाललं. धन्यवाद! आता दोन शंका. एक नोंद सेशनमधून डिलीट केली, तरी उत्पादकाच्या संकलन यादीत ती कमिट होईपर्यंत दिसतेच. आणि जुना चाचणी डेटा एकगठ्ठा डिलीट स्टेटमेंटने काढला तर 'ऑल, डिलीट-ऑर्फन' लागू होतं का?

सेमीकोलन
यादी मेमरीतली आहे, सेशन डिलीट तिला हात लावत नाही. कमिटनंतर ती एक्स्पायर होते आणि पुढच्या वेळी नव्याने वाचली जाते, म्हणून तेव्हा बरोबर दिसते. डिलीट-ऑर्फन आहेच, तर नोंद सरळ यादीतून रिमूव्ह करा. यादीतूनही जाते आणि फ्लशला टेबलातूनही.

एकगठ्ठा डिलीटला रिलेशनशिपवरचं कॅस्केड लागू नाही. तिथे फक्त डेटाबेसचं ऑन डिलीट कामाला येतं. म्हणून दोन्हीकडे लिहायचं.

जुना_डीबीए
आता न विचारलेलं सांगतो. खोटे उत्पादक काढा, खुशाल. पण खरा उत्पादक डिलीट करायचं बटण सॉफ्टवेअरमध्ये ठेवताय कशाला? माणसाने म्हशी विकल्या, डेअरीला येणं बंद झालं, तरी त्याने वर्षभर घातलेल्या दुधावर दिवाळीचा दर फरक निघतो ना? एका क्लिकमध्ये त्याचं दूध गेलं, तर सचिव तुम्हाला धरेल, आणि ऑडिटर सचिवाला.

लाइव्ह डेटाबेसवर मी ऑन डिलीट रिस्ट्रिक्ट ठेवेन. रिलेशनशिपवरचं डिलीट कॅस्केड काढून पॅसिव्ह डिलीट्सला 'ऑल' देईन, म्हणजे ओआरएम नलही करणार नाही. नोंदी असलेला उत्पादक काढायला गेलात की डेटाबेस सरळ नाही म्हणेल. उत्पादकाला 'चालू' असा बूलियन रकाना द्या, संकलनाच्या स्क्रीनवर फक्त चालू असलेले दाखवा. खोटा डेटा काढायला वेगळी स्क्रिप्ट, त्यात आधी संकलन, मग उत्पादक.

भोगावतीकाठ
दर फरक डोक्यातच नव्हता. पण आमच्याकडे बंद झालेल्याचा कोड नंबर नव्या माणसाला देतात. 47 नंबर आज एकाचा, पुढच्या वर्षी दुसऱ्याचा. मी तोच प्रायमरी की (ओळीची एकमेव ओळख) केलाय.

जुना_डीबीए
तो आधी सोडवा, कॅस्केड नंतर. प्रायमरी की वेगळी, आपोआप वाढणारी. कोड हा साधा रकाना, त्यावर युनिक इंडेक्स (एकच कोड दोघांना मिळू न देणारा), पण फक्त चालू उत्पादकांपुरता. असा अर्धवट इंडेक्स एसक्यूलाइट आणि पोस्टग्रेस दोन्हीत चालतो.