एकत्र विभाग नको, आधी एक सामायिक यादी

विद्यापीठातलं ग्रंथालय आणि संगणक विभाग एकाच प्रमुखाखाली आणले की त्यांच्यातल्या कुरबुरी संपतील, असं म्हटलं जातं. मला तसं वाटत नाही. खुर्ची एक झाली तरी माहितीची देवाणघेवाण आपोआप होत नाही.

साधं उदाहरण घ्या. ई-जर्नल्सचे (ऑनलाइन संशोधन-नियतकालिकांचे) बरेच प्रकाशक वाचकाला नाही, विद्यापीठाच्या आयपी पत्त्याला, म्हणजे इंटरनेटवरच्या त्याच्या क्रमांकाला, ओळखतात. अशा पत्त्यांची यादी प्रकाशकाला ग्रंथालय कळवतं, पत्ते मात्र नेटवर्कवाले बदलतात. सुट्टीत नवी फायरवॉल (नेटवर्कची सुरक्षा-भिंत) बसते, बाहेर जाणारा पत्ता बदलतो आणि सोमवारी संशोधकापुढे लेखाऐवजी पैसे भरायचं पान उघडतं. बोलणी खातो ग्रंथपाल, ज्याच्याकडे फायरवॉलचा पासवर्डही नसतो!

शिबोलेथसारख्या लॉगिनने, म्हणजे वाचक विद्यापीठाच्याच खात्याने प्रकाशकाकडे प्रवेश करतो त्या व्यवस्थेने, पत्त्यांची कटकट जाते, पण नवा प्रश्न येतो: 'सदस्य' कोण? शिकून गेलेल्यांची खाती तशीच चालू राहिली, तर प्रकाशकाशी केलेल्या कराराचा भंग होतो. करार वाचलेला असतो ग्रंथपालाने, खाती असतात संगणक विभागाकडे.

विभाग एक न करताही सहकार्य जमतं. अमेरिकेत ओहायोतल्या महाविद्यालयांनी 1967 मध्ये ओसीएलसी ही ग्रंथालयांची सहकारी संस्था स्थापन केली आणि 1971 मध्ये सामायिक ऑनलाइन तालिकीकरण (पुस्तकांच्या नोंदी करणं) सुरू झालं. ग्रंथालयं वेगळीच राहिली. संगणकावर पुस्तकांच्या नोंदी ठेवायचा 'मार्क' (MARC) नमुना तेवढा एक होता.

म्हणून विलीनीकरणाआधी एवढंच करा: आयपी पत्ते, खात्यांचे प्रकार आणि करारातल्या अटी एका सामायिक फाइलमध्ये ठेवा, आणि बदल करण्याआधी दोघांनी ती उघडायची.